एन्रिके सांतोस दिसेपोलो : हताशेची गाणी लिहिणारा आशावादी

२३ डिसेंबर १९५१. नाताळ दोन दिवसांवर आला होता. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यामुळे अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरेस तापलेली होती. शहराच्या मध्यवर्ती भागातील काजाओ मार्गावरच्या एका घरात त्या दिवशी एन्रिके सांतोस दिसेपोलो यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे वय अवघे ५० वर्षांचे होते. मुळातच किरकोळ असलेली त्यांची शरीरयष्टी अखेरच्या काही महिन्यांत पार सुकून गेली होती. हृदयाने साथ सोडली हे मृत्यूचे तात्कालिक कारण खरे, पण हा माणूस दुःखानेच गेला अशी चर्चा शहरात त्याच दिवसापासून सुरू झाली आणि ती आजही ऐकू येते.

दिसेपोलो हे टँगोचे गीतकार, संगीतकार, नाटककार, अभिनेते आणि चित्रपट दिग्दर्शक होते. जगभरातील रसिकांच्या लक्षात राहिले ते मात्र टँगोमुळेच. फसवले गेलेले प्रेम, हरवलेला विश्वास, रिकामा खिसा आणि निर्विकार जग हे त्यांच्या गीतांचे विषय. वीस वर्षांहून अधिक काळ अर्जेंटिनाने त्यांची हताशा आपली म्हणून गायली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षात मात्र हेच कवी आकाशवाणीवरून आशेची भाषा बोलू लागले आणि त्यापायी त्यांना आपले मित्र गमवावे लागले. त्यांच्या जीवनातील या विसंगतीचा शोध घेतला म्हणजे त्यांच्या गीतांचा अर्थही उलगडू लागतो.

स्थलांतरितांचे शहर

टँगोचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ला प्लाता नदीच्या दोन्ही तीरांवर, म्हणजे अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेस आणि उरुग्वेतील मॉन्टेव्हिडिओ या शहरांत झाला. इटली आणि स्पेनमधून आलेले श्रमिक, आफ्रिकी वंशाचे रहिवासी आणि गुरे राखण्याचे काम सोडून शहरात आलेले ग्रामीण तरुण या साऱ्यांच्या संगीताचा त्यात संगम झाला. १९१४ च्या जनगणनेनुसार ब्युनोस आयरेसचे जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. आपल्याकडील चाळींप्रमाणे एकाच चौकाभोवती खोल्या असलेल्या इमारतींत ही कुटुंबे दाटीवाटीने राहत. त्यांच्या मिश्र बोलीतून ‘लुन्फार्दो’ ही शहराची खास बोली घडली आणि टँगोच्या गीतांना शब्द मिळाले. जर्मनीतून आलेले बांदोनेओन हे भात्याचे वाद्य टँगोचा प्राण ठरले. ते मांडीवर ठेवून वाजवतात आणि त्याचा स्वर पेटीपेक्षा अधिक गडद व हुंदक्यासारखा असतो.

प्रारंभीचा टँगो हा मुख्यतः नृत्याचा ताल होता. त्याला असलेले शब्द बहुधा थट्टेचे किंवा फुशारकीचे असत. १९१७ मध्ये कार्लोस गार्देल यांनी पास्कुआल कोंतुर्सी यांचे ‘मी नोचे त्रिस्ते’ म्हणजे ‘माझी उदास रात्र’ हे गीत गायले आणि चित्र पालटले. प्रेयसी सोडून गेल्यावर रिकाम्या खोलीत मागे उरलेल्या पुरुषाचे मनोगत त्यात होते. तेव्हापासून टँगो कथा सांगू लागला आणि प्रेमभंग हा त्याचा मुख्य विषय बनला. या विषयाला प्रेयसीच्या खोलीतून बाहेर काढून साऱ्या जगाच्या उंबरठ्यावर नेण्याचे श्रेय दिसेपोलो यांच्याकडे जाते.

काळ्या कापडाने झाकलेला पृथ्वीगोल

दिसेपोलो यांचा जन्म २७ मार्च १९०१ रोजी ब्युनोस आयरेस येथे झाला. वडील सांतो हे नेपल्सहून आलेले संगीतकार होते. एन्रिके पाच वर्षांचे असताना वडील वारले आणि पुढच्या चार वर्षांत आईचेही छत्र हरपले. त्या काळची एक आठवण दिसेपोलो यांनीच पुढे सांगितली होती. शाळेच्या सामानात त्यांच्याकडे एक लहानसा पृथ्वीचा गोल होता. त्या मुलाने तो काळ्या कापडाने झाकून टाकला आणि पुन्हा कधी उघडला नाही. सारे जग कायम सुतकातच राहिले पाहिजे, असे त्याला वाटत होते. काही काळ नातेवाइकांकडे काढल्यानंतर त्यांना आधार मिळाला तो मोठे बंधू आर्मांदो यांचा.

आर्मांदो दिसेपोलो हे अर्जेंटिनाच्या रंगभूमीवरील मोठे नाव. स्थलांतरितांच्या फसलेल्या स्वप्नांवर हसवता हसवता रडवणारी ‘ग्रोतेस्को क्रिओजो’ ही नाट्यशैली त्यांनी रुजवली. धाकट्या भावापेक्षा ते तब्बल चौदा वर्षांनी मोठे होते. एन्रिके यांनी शिक्षक होण्यासाठी घेतलेले शिक्षण अर्धवट सोडले आणि भावाच्या सहवासात ते रंगभूमीकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी अभिनेता म्हणून रंगमंचावर पाऊल ठेवले आणि पाठोपाठ नाट्यलेखनही सुरू केले. हास्य आणि वेदना एकाच वाक्यात मांडण्याची कला त्यांनी याच काळात आत्मसात केली. त्यांच्या बहुतेक टँगोंत कुणीतरी एक पात्र बोलत असते आणि प्रत्येक गीत म्हणजे तीन मिनिटांचे स्वगत असते, त्याचे मूळ रंगभूमीच्या या संस्कारात आहे.

अपयश आणि एका रात्रीत यश

१९२० च्या दशकात ब्युनोस आयरेस हे जगातील श्रीमंत शहरांपैकी एक गणले जात होते. १९२४ च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ ठाकूर येथे आले, आजारपणामुळे थांबले आणि लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या आतिथ्यात नदीकाठी सान इसिद्रो येथे राहिले, तो हाच काळ. गहू आणि मांसाच्या निर्यातीतून आलेला पैसा शहरात खेळत होता. अशा भरभराटीच्या काळात, १९२६ मध्ये, दिसेपोलो यांनी ‘के वाचाचे’ हा टँगो लिहिला. ध्येयांनी पोट भरत नाही, जगात मोल आहे ते पैशाला, असे स्वप्नाळू पुरुषाला खडसावणारी स्त्री या गीतात बोलते. मॉन्टेव्हिडिओतील पहिल्याच प्रयोगात प्रेक्षकांनी ते शिट्ट्या वाजवून पाडले. टँगोकडून त्यांना विरहाची अपेक्षा होती, बाजाराचा हिशेब ऐकण्याची नव्हे.

दोन वर्षांनी दैव फिरले. १९२८ मध्ये लोकप्रिय गायिका आसुसेना मायसानी यांनी त्यांचे ‘एस्ता नोचे मे एम्बोराचो’ हे गीत रंगमंचावर सादर केले आणि ते पाहता पाहता साऱ्या देशात पोहोचले. पहाटेच्या वेळी नृत्यगृहातून बाहेर पडणारी एक थकलेली, विटलेली स्त्री गीतातील पुरुषाला दिसते. दहा वर्षांपूर्वी हिच्याच सौंदर्यापायी त्याने इभ्रत, मित्र आणि आईसुद्धा दुरावून घेतलेली असते. ज्यासाठी सर्वस्व उधळले ते काळाने असे करून टाकलेले पाहून तो हादरतो आणि विसरण्यासाठी मद्याकडे वळतो. या यशानंतर तिता मेरेजो यांनी पूर्वी पडलेले ‘के वाचाचे’ पुन्हा गायले आणि या वेळी लोकांनी ते उचलून धरले.

त्याच वर्षी आलेल्या ‘चोर्रा’ या गीतात प्रेयसीकडून आणि तिच्या कुटुंबाकडून लुबाडला गेलेला दुकानदार आपली फजिती सांगतो. खुआन दे दिओस फिलिबेर्तो यांचे संगीत लाभलेल्या ‘मालेवाखे’मध्ये प्रेमात पडलेला गुंड आपला दरारा गमावून बसतो. श्रोते हसत आणि हसताना अस्वस्थही होत. विशेष म्हणजे दिसेपोलो यांना संगीताचे पद्धतशीर शिक्षण नव्हते. मनात आलेली चाल ते पियानोवर चाचपडत शोधत आणि स्वरलिपी दुसऱ्याकडून लिहून घेत. तरीही आपल्या अनेक गीतांचे शब्द आणि संगीत ही दोन्ही अंगे त्यांनी स्वतःच सांभाळली. टँगोच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी आहेत.

याच सुमारास त्यांच्या जीवनात स्पेनमधून आलेली गायिका तानिया आली. हे सहजीवन अनेकदा वादळी ठरले, तरी ते त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकले. त्यांची कितीतरी गीते तानियाच्या आवाजातून लोकांपर्यंत पोहोचली.

मंदीचे गीत

१९२९ च्या जागतिक मंदीने निर्यातीवर उभ्या असलेल्या अर्जेंटिनाचा कणा मोडला. ६ सप्टेंबर १९३० रोजी जनरल उरिबुरु यांनी राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांचे निर्वाचित सरकार उलथवले. बेकारी, निवडणुकांतील गैरप्रकार आणि भ्रष्टाचार यांमुळे पुढील काळ अर्जेंटिनाच्या इतिहासात ‘कलंकित दशक’ म्हणून ओळखला गेला. त्या काळाचे गीत ठरले ते ‘यिरा, यिरा’. सोफिया बोसान यांनी ते रंगमंचावर गायले आणि १९३० मध्येच गार्देल यांनी ध्वनिमुद्रित केले. दैवाने पाठ फिरवली, खिसा रिकामा झाला, दारोदार हिंडून जोडे झिजले, तरी जग आपले फिरतच राहते आणि कुणी मदतीला येत नाही, हा त्याचा आशय. मरणाऱ्याच्या कपड्यांवर आधीच डोळा ठेवून बसलेली माणसेही त्यात भेटतात.

हे गीत वरवर पाहता निव्वळ कडवट वाटते. तथापि त्याच वर्षी एदुआर्दो मोरेरा यांनी काढलेल्या एका लघुपटात गार्देल गाण्यापूर्वी खुद्द दिसेपोलो यांच्याशी या पात्राविषयी बोलताना दिसतात. तेथे दिसेपोलो यांनी केलेला खुलासा महत्त्वाचा आहे. हा माणूस जन्मतः कडवट नाही. माणसामाणसांतील बंधुभावावर त्याने चाळीस वर्षे विश्वास ठेवला आणि एके दिवशी अचानक त्याचा भ्रमनिरास झाला, असे त्यांनी सांगितले. म्हणजेच ज्याने कधी आशा धरलीच नाही, त्याचे हे गीत नव्हे. दिसेपोलो यांच्या साऱ्या हताशेची किल्ली येथे सापडते.

१९३४ मध्ये त्यांनी ‘काम्बालाचे’ लिहिले. मारियो सोफिसी यांच्या १९३५ च्या ‘एल आल्मा देल बांदोनेओन’ या चित्रपटात ते समाविष्ट झाले. काम्बालाचे म्हणजे जुन्यापुराण्या वस्तूंची खरेदी-विक्री करणारे दुकान. अशा दुकानाच्या काचेआड धर्मग्रंथ आणि पाणी तापवण्याचे यंत्र शेजारीशेजारी पडलेले असावे, तसे विसाव्या शतकात संत आणि ठग, विद्वान आणि अडाणी एकाच फळीवर येऊन बसले आहेत, असे हे गीत सांगते. फ्रान्समधील आर्थिक घोटाळ्याने गाजलेला स्ताविस्की आणि दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सान मार्तिन ही नावे त्यात एका दमात येतात. येथे प्रेयसी नाही, विरह नाही. प्रेमभंग झाला आहे तो मात्र आहेच, आणि तो एका माणसाचा त्याच्या शतकाशी झालेला आहे.

या गीतांतील एक उणीव नोंदवणे आवश्यक आहे. त्या काळातील बहुसंख्य टँगोंप्रमाणे दिसेपोलो यांच्याही अनेक गीतांत स्त्री ही फसवणारी, लुबाडणारी किंवा वयाने कोमेजलेली म्हणूनच येते. ‘कोन्फेसिओन’ या गीतातील पुरुष तर प्रेयसीने आपल्यापासून दूर जाऊन सुखी व्हावे म्हणून मुद्दाम तिच्याशी क्रूरपणे वागतो. आजच्या श्रोत्याला हा त्याग पटणे कठीण आहे. मात्र हीच गीते मायसानी, बोसान, मेरेजो आणि तानिया या स्त्रियांनी समर्थपणे गाऊन लोकप्रिय केली, हेही तितकेच खरे.

रिकाम्या हृदयाची आशा

२४ जून १९३५ रोजी कोलंबियातील मेदेजिन येथे झालेल्या विमान दुर्घटनेत गार्देल यांचा मृत्यू झाला आणि टँगोचा एक कालखंड संपला. दिसेपोलो आणि तानिया यांनी त्याच सुमारास युरोपचा दौरा केला. मायदेशी परतल्यावर दिसेपोलो यांनी १९३९ ते १९४३ या काळात काही चित्रपट दिग्दर्शित केले.

१९४३ मध्ये ‘उनो’ हा टँगो आला. संगीत तरुण पियानोवादक मारियानो मोरेस यांचे होते. चाल आधी तयार होती आणि तिला शब्द देण्यासाठी दिसेपोलो यांनी फार मोठा काळ घेतला. गीतातील माणूस मोठ्या आशेने वाटचाल सुरू करतो, स्वप्नांनी दाखवलेला मार्ग शोधताना रक्तबंबाळ होतो आणि अखेरीस त्याला खरे प्रेम भेटते. परंतु पूर्वी झालेल्या विश्वासघाताने त्याचे हृदय रिते झालेले असते. समोर प्रेम उभे आहे, ते हवेहवेसेही आहे, पण ते स्वीकारण्याचे बळ उरलेले नाही, ही त्याची शोकांतिका. येथे दोष ना स्त्रीचा, ना जगाचा. आशा आणि प्रेमभंग एकाच माणसाच्या मनात समोरासमोर उभे करणारे इतके नेमके गीत टँगोमध्ये विरळाच.

१९४८ च्या ‘काफेतिन दे ब्युनोस आयरेस’मध्ये त्यांनी मोरेस यांच्याच संगीतावर आपले बालपण आठवले. उपाहारगृहाच्या काचेला नाक लावून आतील मोठ्या माणसांचे जग पाहणारा मुलगा पुढे त्याच टेबलांवर मैत्री, जुगार, तत्त्वज्ञान आणि पराभव शिकतो. आईवडिलांविना वाढलेल्या या कवीने त्या जागेला आईची उपमा दिली, यात नवल नाही.

मित्रांचा दुरावा

१९४६ मध्ये खुआन पेरॉन राष्ट्राध्यक्ष झाले. कामगारांना मिळालेल्या सवलती, पगारी रजा, घरे आणि स्त्रियांना मिळालेला मताधिकार यांमुळे गोरगरिबांत त्यांना मोठा पाठिंबा होता. दुसरीकडे वृत्तपत्रांवर आणि विरोधकांवर त्यांच्या राजवटीने दडपण आणले. १९५१ मध्ये ‘ला प्रेन्सा’ हे प्रतिष्ठित दैनिक ताब्यात घेण्यात आले. देश दोन गटांत विभागला गेला होता.

११ नोव्हेंबर १९५१ च्या निवडणुकीपूर्वी सरकारच्या बाजूने प्रसारित होणाऱ्या नभोवाणी कार्यक्रमात दिसेपोलो सहभागी झाले. मोर्दिस्कितो नावाच्या एका काल्पनिक विरोधकाला उद्देशून ते रोज काही मिनिटे बोलत. परदेशी चहा मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या या सुखवस्तू गृहस्थाला ते पूर्वीच्या दारिद्र्याची, अनवाणी मुलांची आणि कोंदट खोल्यांची आठवण करून देत. ‘यिरा, यिरा’मध्ये ज्याला कुणी हात दिला नाही, त्याच्या दारात आता मदत पोहोचली आहे, असा त्यांचा मनापासूनचा विश्वास होता. उपरोधाची धार तीच होती, ती आता आशेच्या बाजूने चालत होती.

त्याची किंमत मोठी होती. विरोधकांना आकाशवाणीवर उत्तर देण्याची संधी नव्हती. त्यामुळे त्यांचा संताप दिसेपोलो यांच्यावर उतरला. अपमानास्पद पत्रे आणि त्यांच्याच गीतांच्या फोडलेल्या तबकड्या घरी येऊ लागल्या. वर्षानुवर्षांच्या स्नेह्यांनी रस्त्यात ओळख दाखवणे सोडले. पेरॉन यांनी ६० टक्क्यांहून अधिक मते मिळवून निवडणूक जिंकली, पण विजयाचा आनंद दिसेपोलो यांच्या वाट्याला आला नाही. जिवलग मित्र आणि गीतकार ओमेरो मांसी यांचे त्याच वर्षी मे महिन्यात कर्करोगाने निधन झाले होते. दुसऱ्यांच्या जखमा स्वतःच्या अंगावर वाहणारा माणूस म्हणून मांसी यांनी अखेरच्या आजारात ‘दिसेपोलिन’ हा टँगो लिहून त्यांचे चित्र रेखाटले होते. निवडणुकीनंतर सहा आठवड्यांनी दिसेपोलो यांचेही निधन झाले.

१९५१ मध्येच ‘एल इंचा’ या चित्रपटात त्यांनी आपल्या फुटबॉल संघावर जीव ओवाळून टाकणाऱ्या चाहत्याची भूमिका केली होती. पराभव होऊनही दर रविवारी मैदानावर परतणारे ते पात्र त्यांच्या स्वभावाशी मिळतेजुळते होते.

मागे राहिलेली गीते

तानिया पुढे जवळपास अर्धे शतक हयात होत्या आणि त्यांनी दिसेपोलो यांची गीते गाणे सुरू ठेवले. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये लष्करी राजवटीखालील ब्राझीलमध्ये गायक कायेतानो वेलोसो यांनी ‘काम्बालाचे’ ध्वनिमुद्रित केले. डिसेंबर २००१ मध्ये अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली, बँकांतील ठेवी गोठवण्यात आल्या आणि लोक भांडी वाजवत रस्त्यावर उतरले. देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवल्याची घोषणा झाली तो दिवस २३ डिसेंबर, म्हणजे दिसेपोलो यांच्या मृत्यूला पन्नास वर्षे पूर्ण होण्याचा दिवस होता. १९३४ चे गीत त्या दिवसांतही जुने झालेले नव्हते. २००९ मध्ये युनेस्कोने टँगोचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

दिसेपोलो यांच्या राजकीय निवडीविषयी अर्जेंटिनात मतभेद आहेत आणि ते राहतील. त्यांच्या गीतांविषयी मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे, कारण ती दोन्ही बाजूंच्या लोकांना आपलीच वाटतात. लहानपणी पृथ्वीचा गोल काळ्या कापडाने झाकणाऱ्या या कवीने पुढे आयुष्यभर त्याच जगाशी भांडण मांडले. भांडण कवीने केले, ते हे जग याहून चांगले असायला हवे होते या अपेक्षेपोटी. त्यांच्या सर्वांत कडवट गीतातही ही अपेक्षा जिवंत आहे आणि म्हणूनच संकटाच्या काळात लोक आजही त्या गीतांकडे वळतात.